मांजर्लीचं वळण आणि आजोबांचा नारळ

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात. जे खरोखरच दहा वर्षांचे आहेत, ते नुसते बसून राहिले तरी चालेल. तर तुम्हाला एक गाणं मनापासून आवडतं, पण तुम्ही ते कधीच पूर्ण ऐकलेलं नाही. मोबाइलवर त्याचे तुकडे सापडतात. एक तीन मिनिटांचा, एक पाच मिनिटांचा. आणि प्रत्येक तुकडा नेमका तिथे तुटतो, जिथे आता काहीतरी होणार असं वाटतं. जशी एखाद्याने गोष्ट रंगात आणावी, पाणी पिऊन येतो म्हणून उठावं आणि परत येऊच नये. असं एक वर्षाहून जास्त चाललंय.

कसं वाटतं? उघडा डोळे. राजसीला तसंच वाटायचं.

राजसी अंबरनाथ पश्चिमेला राहायची. घरात आई, आजी आणि आजोबा. बाबा, म्हणजे पुष्कर, नोकरीसाठी मस्कतला गेला त्याला चौदा महिने झाले होते. तो इथे असताना रोज संध्याकाळी दोघं गॅलरीत बसायचे. इयरफोनची एक बोंडी त्याच्या कानात, दुसरी तिच्या कानात, आणि दोघांच्या मध्ये 'इशारा पातळी'.

इशारा पातळी हे बँडचं नाव. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की बातम्यांत सांगतात ना, नदीने इशारा पातळी ओलांडली म्हणून? बदलापूर-उल्हासनगरच्या तीन मुलांनी तेच नाव उचललं. जॅम बँड होता त्यांचा. म्हणजे चाल ठरलेली, पण वाट ठरलेली नाही. एकाने सूर धरायचा, दुसऱ्याने तो पुढे न्यायचा, तिसऱ्याने त्याला भलत्याच गल्लीत वळवायचं. एकेक गाणं पाऊण पाऊण तास चालायचं. त्यांचं सगळ्यात लांब गाणं होतं 'मांजर्लीचं वळण', आणि ते त्यांनी मुद्दामच रेकॉर्ड केलं नव्हतं. म्हणायचे, हे मैदानावर येऊन ऐकायचं गाणं आहे. लोकांनी फोनवर टिपलेले तुकडे तेवढे फिरायचे.

पुष्करने ते एकदाच पूर्ण ऐकलं होतं, मस्कतला जायच्या आधीच्या आठवड्यात. राजसीही जाणार होती, पण तिला ताप आला. बाबा परत आला तेव्हा तिच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसला.

"बाबा, शेवटी काय होतं?" तिने विचारलं.

"शेवटी ते घरी येतं."

"म्हणजे?"

"सांगता येत नाही गं. ऐकावं लागतं. पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ."

आणि पाच दिवसांनी तो विमानात बसला.

पुढची वेळ आली ती नोव्हेंबरात. अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता इशारा पातळी. पुष्करने सुट्टी मागितली. मिळाली नाही. मस्कतला रविवार हा कामाचा वार. फोनवर त्याचा चेहरा हसरा होता, पण राजसीला त्याची हसण्याची पद्धत पाठ होती. हे ते हसू नव्हतं.

"आजोबांबरोबर जा," तो म्हणाला. "पण एक कर. अर्ध्यातून उठू नकोस. शेवटपर्यंत ऐक."

हे ऐकून शेजारच्या खुर्चीतून दिनानाथ आजोबा फोनच्या चौकटीत घुसले. "शेवटपर्यंत ना? अरे पुष्कर, मी वाजवण्याच्या धंद्यात तीस वर्षं काढलीत. मी बरोबर असताना गाण्याचा शेवट पळून कुठे जातो तेच बघतो."

स्वयंपाकघरातून उमाआजी म्हणाल्या, "तुम्ही बरोबर असलात की कशाचाही शेवट लवकर येतो, एवढंच मला ठाऊक आहे."

आजोबांची तीस वर्षं मात्र खोटी नव्हती. ते नोकरीला कारखान्यात होते, पण सुट्टीच्या दिवशी बदलापुरातल्या मांजर्लीच्या बेंजो पथकात बेंजो वाजवायचे. लग्न, हळद, गणपती, जे येईल ते. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या, की हळदीतल्या आजीबाईसुद्धा गुडघेदुखी विसरायच्या. तेव्हा हे कुटुंब मांजर्लीत तळमजल्यावर राहायचं. मग एका वर्षी नदी घरात आली, छातीएवढी. पाणी उतरलं तेव्हा बेंजोच्या पोटात चिखल भरला होता. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या वाद्यदुरुस्तीवाल्याने त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, इसको अब शोकेस में रखो." आजोबांनी तो शोकेसमध्ये ठेवला नाही. कपाटावर, चादरीत गुंडाळून ठेवला. अंबरनाथला आल्यावर त्यांनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पण जेवणाची वाट बघताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर बटणं दाबत राहायची.

पथकाचा कोट तेवढा वाचला होता. लाल मखमल, सोनेरी जर, पाठीवर 'श्रीसमर्थ बेंजो पथक, मांजर्ली'. पुराच्या दिवशी तो अंबरनाथच्या लॉन्ड्रीत होता.

रविवारी दुपारी आजोबा तो कोट घालून बाहेर आले.

"अगं बाई," उमाआजी म्हणाल्या, "आकाशकंदील काढून ठेवला होता ना आपण?"

"संगीताच्या कार्यक्रमाला जातोय. काही शोभा नको?"

"आणि पिशवीत काय भरलंय?"

पिशवीत सतरंजी होती. थर्मास होता. मेथीची थालीपीठं, लोणच्याची बरणी, माकडटोपी, छत्री, आणि सगळ्यात खाली, नवीन टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक नारळ.

"नारळ कशाला?"

"वाजवणाऱ्यासमोर रिकाम्या हाताने जाऊ नये."

ही नारळाची भानगड नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा गोंधळ तिनेच घातला. आजोबांच्या पथकात एक रीत होती. वाजवणं एकदा सुरू झालं, की यजमान येऊन म्होरक्याच्या हातात नारळ देईपर्यंत थांबायचं नाही. नारळ हातात आला की तो कपाळाला लावायचा आणि वाजवणं संपलं. घेतलेला नारळ देणाऱ्याला परत करायचा नाही. एकदा तर एका लग्नात यजमान नारळ द्यायचं विसरून पंगतीला बसले. पथक दारात, उन्हात, एकच चाल अडीच तास वाजवत उभं. श्रीखंडाची दुसरी वाढ झाली, विडे झाले, तेव्हा कुणाला तरी आठवलं, की हे बाहेर अजून काय वाजतंय? आजोबांनी ही गोष्ट राजसीला इतक्या वेळा सांगितली होती, की त्यातलं ऊन तिला आता स्वतःला लागायचं.

रिक्षा मैदानाशी थांबली. फाटकावर दोन टेबलं होती. पहिल्या टेबलावर हाताला पट्टी बांधत होते. प्रेक्षकांना हिरवी, कलाकारांना पिवळी. तिथे अल्पेश नावाचा तरुण स्वयंसेवक बसला होता. त्याने राजसीच्या मनगटावर हिरवी पट्टी बांधली, मग वर पाहिलं. लाल मखमलीवर ऊन पडून त्याचे डोळे दिपले.

"सर, तुम्ही वाजवता?"

"तीस वर्षं," आजोबा म्हणाले.

"कुठलं पथक?"

आजोबांनी उत्तर न देता पाठ फिरवली. अल्पेशने पाठीवरची अक्षरं वाचली, हातातली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा खालपासून वर पाहिली. "लोककलावाल्यांची यादी दुसरीकडे आहे, त्यात असेल," असं स्वतःशीच म्हणत त्याने पिवळी पट्टी बांधली.

"आजोबा, तुमची पिवळी का?" राजसीने विचारलं.

"ज्येष्ठ नागरिक," आजोबा ठामपणे म्हणाले. "सगळीकडे असतं तसं."

दुसऱ्या टेबलावर पिशव्या तपासत होत्या सगुणाबाई. बदलापूरच्या पलीकडच्या गावच्या. अंगावर सुरक्षारक्षकाचा निळा गणवेश, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. थालीपीठं त्यांनी हुंगून परत ठेवली. लोणच्याची बरणी काचेची म्हणून काढून घेतली. मग टॉवेल उलगडला.

"काका, ह्यो नारल आत जायचा नाय."

"का? श्रीफळ आहे ते."

"कुनाच्या टालक्यात पडला तर काय परसाद म्हनायचा?"

"अहो, कलाकाराला द्यायचाय. मानाचा."

सगुणाबाईंनी नारळ हलवून पाणी ऐकलं. "काल उद्घाटनाला सायबांनी इस्टेजच्या कडंला फोडला. पानी सगलं त्या बटनांच्या पेटीत. दीड तास आवाज बंद. तेवापासून आमाला हुकूम हाये. न्या, पन आत फोडायचा नाय. पोरी, ध्यान ठेव गं आजावर."

"ठेवते मावशी," राजसी म्हणाली. तिने खरंच ठेवलं असतं. पण पुढे काय झालं ते ऐका.

आत गेल्यावर राजसीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. केवढं मैदान ते! जिकडेतिकडे पताका, बांबूचे मनोरे, कुणी गवतावर झोपून आकाशाकडे बघत ऐकतंय, कुणी केसांना निळा रंग लावलाय, कुणी बाळाला खांद्यावर घेऊन नाचतंय, आणि एक काकू शांतपणे मटार सोलतायत. आजोबांच्या कोटाभोवती तर गर्दीच झाली.

"अंकल, कडक जॅकेट," एक दाढीवाला म्हणाला. "कहाँ से लिया? व्हिंटेज आहे का?"

"लॉन्ड्रीतून," आजोबा म्हणाले.

"लॉन्ड्री नावाचं दुकान आहे? कुठे?"

"स्टेशनजवळ."

दाढीवाल्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. आणखी दोघांनी कोटाबरोबर फोटो काढले. आजोबांनी प्रत्येक फोटोत छाती एवढी फुगवली, की तिसऱ्या फोटोत एक बटण तुटून धाग्यावर लोंबायला लागलं.

पाच वाजले. इशारा पातळी आली. आकाश, किडकिडीत, चष्मेवाला. त्याच्या गळ्यात होता बेंजो. तारा त्याच, बटणं तीच, फक्त त्यातून एक काळी वायर निघून भल्या मोठ्या स्पीकरात गेली होती. दिपेश उल्हासनगर कॅम्प दोनचा, हातात बेस गिटार. मागे ड्रमवर मिलिंद.

बेंजो पाहून आजोबा सतरंजीवर एकदम ताठ बसले.

आधी दोन छोटी गाणी झाली, म्हणजे दहा-दहा मिनिटांची. मग पाच वीसला आकाश माइकपाशी आला. "आता शेवटचं. मांजर्लीचं वळण."

राजसी उभी राहिली. आजोबांना म्हणाली, "आता शेवटपर्यंत हं." मग तिने डोळे मिटले.

गाणं अगदी हळू सुरू झालं. मे महिन्यातली नदी असते तसं, दगडांमधून वाट काढत. मिलिंद नुसत्या काड्यांनी थाळीची कड चाचपत होता. मग दिपेशचा जाड सूर आला, आणि पाणी वाढायला लागलं. आकाश एक चाल घ्यायचा, अर्ध्यात सोडायचा, दुसरीकडून तिच्याचपाशी यायचा. लोक डुलायला लागले.

आजोबांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. त्यांना कळत होतं, आता हा कुठे जाणार. तो तिथे गेला, की ते मान डोलवायचे. तो दुसरीकडे गेला, की ते मनात म्हणायचे, अरे वा, हे आम्हाला सुचलं नव्हतं. त्या चालीत मांजर्लीचं जुनं घर होतं. ओट्यावर बसून रियाज करणारे ते स्वतः होते, आणि शेजारी बटणांकडे एकटक बघणारा सहा वर्षांचा पुष्कर होता. त्याने किती वेळा म्हटलं होतं, बाबा, मला शिकवा. आणि आजोबांनी किती वेळा म्हटलं होतं, पुढच्या रविवारी. पुढचा रविवार कधी आला नाही. पूर आला, मग मस्कत आलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. गाणं आता दोन्ही काठ भरून चाललं होतं. आजोबांनी डोळे पुसून स्टेजकडे पाहिलं, तेव्हा त्यांना भलतंच दिसलं. आकाशच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. मिलिंदच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या. आणि स्टेजच्या कडेला गळ्यात ओळखपत्र घातलेली आयोजक मंडळी आरामात चहा पीत उभी होती.

आजोबांना एकदम आठवलं. श्रीखंड! तेच लग्न, तेच ऊन, तेच विसरलेले यजमान! या पोरांना कुणी नारळच दिला नव्हता. दिल्याशिवाय ती थांबणार कशी? आणि थांबल्याशिवाय शेवट येणार कसा? राजसीला तर शेवटच हवा होता.

म्हणजे बघा, आजोबांचं सगळं बरोबर होतं. फक्त जग चुकीचं होतं.

राजसीचे डोळे मिटलेले होते. आजोबांनी पिशवीतून नारळ काढला, टॉवेलने पुसला आणि निघाले. कठड्यापाशी एका पहारेकऱ्याने हात आडवा केला, पिवळी पट्टी पाहिली, हात काढला. पायऱ्यांपाशी दुसऱ्याने कोट पाहिला आणि चक्क सलाम ठोकला. आजोबांना वाटलं, ज्येष्ठ नागरिकांचा काय मान ठेवतात हो हल्ली.

आकाश तेव्हा चालीच्या अगदी टोकाला पोचला होता. त्याने मान वर केली. समोर लाल मखमल, सोनेरी जर, दोन हात आणि दोन हातांत नारळ.

आकाश बाराव्या वर्षापासून बेंजो पथकात वाढलेला. त्याचे हात तारांवरून आपोआप उठले. तो वाकला, नारळ घेतला, कपाळाला लावला. दिपेशचे हात थांबले. मिलिंदने अर्धा ठोका जास्त वाजवला आणि तोही थांबला.

मैदान गप्प झालं. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकलं, तेही तालात.

आजोबा हसून प्रेक्षकांकडे वळले. प्रेक्षकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "काय कन्सेप्ट आहे यार," दाढीवाला म्हणाला.

"काका," आकाशने हलक्या आवाजात विचारलं, "हे काय केलंत?"

"सोडवलं तुम्हाला," आजोबा म्हणाले. "किती वेळ उभं ठेवलंय पोरांना. यांना काही रीतभात नाही."

"काका, अजून अर्धं गाणं बाकी होतं."

आजोबांचं हसू कोटाच्या तुटलेल्या बटणासारखं लोंबायला लागलं.

कानाला माइक लावलेली चैत्राली, कार्यक्रमाची व्यवस्थापक, धावत आली. "हे यादीत नव्हतं. सर, तुम्ही लोककलावाले ना? तुमचं उद्या आहे."

"उद्या माझं काही नाही," आजोबा गडबडून म्हणाले. "उद्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय."

"आकाश, तुम्ही वाजवा ना परत. सहा दहापर्यंत वेळ आहे तुमचा."

आकाशने हातातल्या नारळाकडे पाहिलं. "नारळ घेतला ना, ताई. घेतल्यावर संपतं."

"अरे, स्पीकर भाड्याने आणलेत, ड्रोनवाला आलाय, आणि तू नारळाचं काय घेऊन बसलायस? मिलिंद, तू तरी सांग याला. तू मानतोस का हे?"

"मी अजिबात मानत नाही," मिलिंद म्हणाला. "पण माझे हात मानतात. बघ, उचलतच नाहीयेत. सात वर्षं याच्याच पथकात ढोलावर होतो."

"मग नारळ परत द्या यांना."

"परत नाही देत," आकाश, दिपेश आणि आजोबा एकदमच म्हणाले.

एवढ्यात राजसी आली. गाणं तुटल्यावर तिने डोळे उघडले, तर शेजारी सतरंजी रिकामी आणि आजोबा स्टेजवर. गर्दीतून वाट काढत ती कठड्यापाशी पोचली. तिथे आता सगुणाबाईंची पाळी लागली होती. त्यांनी तिला ओळखून पुढे सोडलं. स्टेजच्या पायऱ्यांखाली उभी राहून तिने वर पाहिलं.

"आजोबा, हा शेवट होता?"

आजोबा तीन पायऱ्या उतरून खाली बसले. मखमल, जर, सगळं धुळीत. "नाही गं," ते म्हणाले. "मला वाटलं, नारळ दिला की शेवट येतो. तुला शेवट हवा होता म्हणून मी..."

राजसी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बाबाला काय सांगू?"

आजोबांनी मान खाली घातली. तीस वर्षांत त्यांनी शेकडो नारळ पाहिले, पण एवढा जड एकही नव्हता. "माझ्यामुळे दोघांचं राहिलं," ते पुटपुटले. "त्याचंही, तुझंही."

मागे लोक आता कुजबुजायला लागले होते. चैत्राली घड्याळ बघत होती. पाच पन्नास. दिपेशने गिटारची वायर काढायला हात घातला.

मुलांनो, इथे मी क्षणभर थांबतो. तुम्ही असता तर काय केलं असतं? रुसून घरी गेला असता? आजोबांशी बोलणं टाकलं असतं? राजसीच्याही मनात दोन्ही येऊन गेलं. मग तिचं लक्ष आकाशच्या हातातल्या नारळाकडे गेलं, आणि ती विचार करायला लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी स्कूटर आणली, तेव्हा नारळ. कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान निघालं, तेव्हा नारळ. गल्लीतली क्रिकेटची स्पर्धा, तेव्हाही नारळ. पण तो कुणी हातात दिला नव्हता, सुरुवातीलाच फोडला होता.

ती पायऱ्या चढून आकाशपुढे उभी राहिली. "दादा, हा नारळ आता तुमचा ना?"

"हो."

"ज्याने दिला त्याला परत द्यायचा नाही. पण मी कुठे दिलाय? मला देता?"

आकाशने दिपेशकडे पाहिलं. दिपेशने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी तीस वर्षांचे सगळे नियम मनातल्या मनात चाळले. "असं कुणी कधी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "पण चालायला हरकत नाही."

नारळ घेऊन राजसी खाली आली. स्टेजपासून दूर, जिथे एकही वायर नव्हती, तिथे मांडवाचा दोर बांधलेला सिमेंटचा ठोकळा होता. ती तिथे गेली. मग सगुणाबाईंकडे वळली.

"मावशी, आत फोडायचा नाही म्हणालात ना?"

सगुणाबाईंनी एकदा नारळाकडे, एकदा आजोबांच्या पडलेल्या खांद्यांकडे पाहिलं. "मना काय इचारतेस? मी सूर्य बघतंय. मावलतीला बरा दिसतो," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

राजसीने दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि ठोकळ्यावर आपटला.

ठक्.

काहीच झालं नाही. नारळ कोकणातला होता, कुणाचं लगेच ऐकणारा नव्हता. मैदान बघत होतं. तिने पुन्हा आपटला. ठक्. आणि मागून, स्टेजवरून, उत्तर आलं. धम्. मिलिंदचा पाय होता तो. त्याने नंतर शपथेवर सांगितलं, की मी नाही वाजवला, आपोआप वाजला.

ठक्. धम्. ठक्. धम्. दिपेशने काढलेली वायर परत खोचली. आजोबा उभे राहिले. सातव्या ठोक्याला नारळ फुटला, पाणी राजसीच्या फ्रॉकवर उडालं, आणि त्याच क्षणी आकाशचा बेंजो, जिथे तुटला होता बरोबर तिथूनच, पुढे निघाला.

लोक ओरडत होते, नाचत होते. राजसीने एक वाटी सगुणाबाईंच्या हातात ठेवली. दुसरीतलं खोबरं दाताने सोडवून त्याचा मोठा तुकडा आजोबांच्या तोंडात कोंबला, म्हणजे बोलायची सोय उरली नाही. मग त्यांना ओढत सतरंजीवर नेलं, बसवलं, आणि त्यांच्या कोटाच्या मखमली सोग्यावर स्वतः घट्ट मांडी घालून बसली. आता उठायचं म्हटलं तरी आजोबांना उठता येणार नव्हतं.

तिने डोळे मिटले. नदी वळणाला लागली होती. शेजारी आजोबांची बोटं तिच्या गुडघ्यावर बटणं दाबत होती, आणि तिने ती दाबू दिली.

सहा दहाला गाणं घरी आलं. ते कसं आलं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी नव्हतो तिथे. राजसी होती. लोक टाळ्या वाजवत असतानाच तिने खोबऱ्याने चिकट झालेल्या बोटांनी आजोबांचा फोन काढला आणि मस्कतला लिहिलं: "बाबा, पूर्ण ऐकलं. शेवट सांगणार नाही. ऐकायचा असेल तर ये."